तटस्थाचं उत्तर

"पण समीक्षकालाच टोपणनाव कशाला लागतं?" अच्युतानंद स्वामींनी विचारलं.

"खरं बोलता यावं म्हणून." विश्राम पेडणेकर हसले. साहित्याच्या वर्तुळात त्यांचा चांगलाच दरारा होता, आणि तो त्यांना आवडायचा. "नाव घालून लिहिलं की लोक बोलेनासे होतात."

"असं होय?" स्वामी सरसावून बसले. नदीकाठच्या त्या मठात पुस्तकांच्या भानगडी येणार कुठून? त्यांना खरोखरच नवल वाटत होतं. "मग तुझं टोपणनाव काय?"

"तटस्थ."

"आणि शेवटचं कुणावर लिहिलंस?"

इथं पेडणेकर जरा घुटमळले.

"मित्रावर. दिनकर गवाणकर. लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या कादंबरीच्या प्रकाशनाला मीच पाहुणा होतो. शाल-श्रीफळ घेतलं, तोंडभरून कौतुक केलं. आणि पुढच्याच रविवारी पुरवणीत तटस्थ म्हणून तिची पार पिसं काढली."

"मग?"

"काल दिनकर घरी आला. म्हणाला, 'विश्राम, तुला तर आवडली होती ना? मग या तटस्थाला तूच उत्तर दे. नाहीतर मी लिहिणं सोडतो.'" पेडणेकर पुढं झुकले. "तो खरंच सोडेल, स्वामी."

"कादंबरी कशी आहे?"

"...वाईट."

"म्हणजे खोटं बोललास ते स्वतःच्या नावानं. आणि खरं लिहिलंस ते दुसऱ्याच्या."

हे झोंबलं. विद्वान माणूस, ऐकून घेतो थोडाच.

"नाव तर तुम्हीही बदललंत. आईवडिलांनी काही अच्युतानंद ठेवलं नव्हतं."

"नव्हतंच," स्वामी मोकळेपणानं म्हणाले. "मी गोविंद. पण संन्यास घ्यायचा तर आधी स्वतःचं श्राद्ध घालावं लागतं. गोविंदाचे पिंड मी माझ्या हातानं ठेवले. फार रडलो होतो त्या दिवशी."



"मग मी काय करू?" पेडणेकरांनी विचारलं. आता तो रुबाब कुठंच नव्हता. "दिनकरला उत्तर लिहून देऊ का?"

"दे की," स्वामी म्हणाले. "पण आधी विश्राम आणि तटस्थ, या दोघांतल्या एकाचं श्राद्ध घाल."