अक्रोडापर्यंतची वाट

एकदा एका पहाडी वस्तीवर असा हिमवर्षाव झाला, की दारं अर्धी बुडाली. हिवाळ्यात सगळी वस्ती दरीत उतरत असे. वर उरत फक्त दोन घरं. एकात एक ज्ञानी आजी आणि तिच्यापाशी शिकायला आलेली शिष्या. वळणाआडच्या दुसऱ्यात लोकरीचा एक व्यापारी, एकटाच. दोन्ही घरांच्या मधोमध अक्रोडाचं झाड होतं. त्याच्या फळांवरून आजी आणि व्यापारी कधीकाळी कडाकडा भांडले, तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

शिष्या सासरी सगळ्यांशी नातं तोडून आली होती. "मला कुणाची गरज नाही," हे तिचं पालुपद. पण त्या पांढऱ्या, मुक्या दिवसांत कुणी येतंय का म्हणून तीच पुन्हापुन्हा दाराशी जाई. येणार कोण, कपाळ!

आजीचा नेम ठरलेला. उजाडलं की आधी धाब्यावरचा, म्हणजे घराच्या सपाट छपरावरचा बर्फ ओढायचा, नाहीतर तुळया मोडतात. मग अंगण. मग लाकडी फावड्याने वाट काढत अक्रोडापर्यंत जायचं, पलीकडे एक नजर टाकायची आणि माघारी फिरायचं. झाडापलीकडची वाट व्यापाऱ्याने काढलेली असे.

"आजी, ही अर्धी वाट कशाला?" शिष्येने विचारलं. "जायचं तर त्यांच्या दारापर्यंत जा, नाहीतर काढूच नका."

"पुढचा बर्फ त्याचा आहे. तू आपल्या अंगणाचा कोपरा बघ, तसाच राहिलाय."

शिष्येला ते झोंबलं. एवढी ज्ञानी बाई, आणि मनात अक्रोडं धरून बसलीय!

दुसऱ्या दिवशी आजीच्या आधी तीच फावडं घेऊन निघाली. झाडापलीकडे वाट नव्हती, नुसता कोरा बर्फ. तिने तो उपसला, थेट व्यापाऱ्याच्या अंगणापर्यंत. त्याच्या धाब्यावर बर्फाचा डोंगर तसाच होता. "आळशी मेला," ती पुटपुटली आणि गुपचूप परतली. चांगलं काम बोलून दाखवू नये म्हणे! पुढच्या सकाळीही तेच. आजी झाडापाशी आली, पलीकडची साफ वाट पाहिली आणि समाधानाने फिरली.

शेवटी जेवताना शिष्येला राहवेना. "आजी, माणसाने अढी सोडावी. कालपासून शेटजींच्या बाजूची वाटही मीच काढतेय."

आजीच्या हातातला घास तिथेच थांबला. "तू? दार वाजवलंस?"

"नाही."

"चुलीचा धूर होता?"

शिष्येला आठवेना. तोवर आजी शालही न घेता धावत सुटली होती.

व्यापारी विझलेल्या चुलीपाशी पडला होता. धाब्याच्या शिडीवरून कोसळून, मोडलेला पाय ओढत तो तिथवर आला होता. ओठ निळे पडलेले. दोघींनी चूल पेटवली, पाय बांधला, गरम पेज घशाखाली उतरवली. त्याने डोळे उघडले.

"म्हातारे, अक्रोडं न्यायला आलीस?"

"नेणार. सगळी नेणार. आधी ही पेज संपव."

तो थोडा हसला, मग भिंतीकडे बघत म्हणाला, "दोन्ही सकाळी फावडं ऐकलं मी. हाका मारल्या. आवाज निघून गेला."

शिष्येची मान वर होईना.

परतताना आजी झाडापाशी थांबली. "या वाटेने कोण चालणार होतं, पोरी? बोलणं तुटलं आमचं. पण रोज सकाळी त्याची बाजू मला सांगायची, तो आहे. माझी त्याला सांगायची, मी आहे. तू त्याची बाजू काढलीस आणि त्याची खूणच पुसलीस. माणसाचं तोंड न बघता केलेली सेवा ही आपलीच हौस असते. उपकार करायचा होता, तर दार वाजवायचं होतंस."

त्याचा पाय बरा होईस्तोवर शिष्येने त्याची वाट काढली, पण रोज दार वाजवून, त्याची शिवी ऐकून.

हिवाळा सरताना पुन्हा एकदा बर्फ पडला. ती अक्रोडापाशी आली. पलीकडे सगळं कोरं. हात शिवशिवले, पण तिने फावडं उचललं नाही. श्वास रोखून उभी राहिली. कितीतरी वेळाने वळणाआडून खरवडल्याचा आवाज आला, सावकाश, लंगडत यावा तसा.

पुढे वाटा मोकळ्या झाल्या आणि पहिला मेंढपाळ वर आला. तो परत निघाला, तेव्हा शिष्येने त्याच्याबरोबर सासरी निरोप धाडला. दोनच शब्दांचा: मी आहे.