हात धुवायचं पाणी

"अहो, पण हात धुवायला पाणी कुठं आहे?"

"देतो की. बसा जरा," भैरूबुवा म्हणाले.

प्रमिला तेरदाळकर बसल्या नाहीत. एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या मेट्रन म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. भलेभले सर्जन त्यांना टरकून असत. आणि इथं, माळावरच्या मठीच्या अंगणात, मळक्या धोतरातला एक म्हातारा त्यांना उघड्या जमिनीवर बसा म्हणत होता.

दोरीला भुंगा होता, बाईंचा कुत्रा. नावासारखाच काळाभोर. पण काखेतले, पोटावरचे केस गेलेले आणि कातडी लालभडक. तो खाजवत होता, चाटत होता, पुन्हा खाजवत होता. कुत्र्यांचं दुखणं बुवांना कळतं, असं कुणीसं सांगितलं म्हणून बाई एसटीनं इतक्या लांब आल्या होत्या.

"डाक्टरला दावलं?"

"दाखवलं. मलम दिलं, आणि आंघोळी कमी करा म्हणाले."

"मग?"

"मलम लावते."

"आन् दुसरं?"

बाईंनी दोरीला हाताभोवती आणखी एक वेढा दिला.

"कवा कवा घालता आंघोळ?"

"एक दिवसाआड. जंतुनाशक घालून." मान ताठ झाली. "कान रोज काडीनं. दात रोज. बाहेरून आला की पाय धुते, चारदा."

बुवांनी कनवटीची लाकडी फणी काढली. त्यांचा तांबडा कुत्रा शेजारीच लवंडला होता. केसांच्या कलानं चार हात फिरवले, दोन कुसळं ओढून काढली. कान उचलून आत बघितलं, वास घेतला, कान सोडला. बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का ते चाचपलं. फणी परत कनवटीला गेली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"कान नाही साफ केले?"

"बगितलं की. साफ हायत."

"नखं?"

"फरशीवर ऱ्हाणाऱ्याची कापाय लागत्यात. ह्याची दगडावर झिजत्यात."

"आणि आंघोळ?"

"मळला की."

"म्हणजे किती दिवसांनी?"

"मळला की."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मळला की! हे काय वेळापत्रक झालं? आयुष्यभर घड्याळ लावून काम केलेल्या बाईला हे असं सांगायचं!

"मला हात धुवायचेत," त्या म्हणाल्या.

"देतो पाणी. हात दावा आधी."

तपासणीला पुढे करावेत तसे त्यांनी पंजे पुढे केले. बुवांनी शिवलं नाही. वाकले आणि नुसता वास घेतला.

"औषधाचा येतोय. साबणाचा येतोय," ते म्हणाले. "तुमचा कुठला?"

बाईंनी हात मागे घेतले. काहीतरी तोडून बोलायचं होतं, पण बोलल्या ते भलतंच.

"दोन महिने झाले... तो आपण होऊन माझ्याजवळ येत नाही. मी खोलीत आले की पलंगाखाली जातो. घरात आम्ही दोघंच आहोत, बुवा. मी त्याच्यासाठी एवढं करते..."

नको ते बोलून गेल्या. त्याचा त्यांना भारी राग आला.

बुवा तांबड्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. तसेच म्हणाले, "दोरी सोडा. बसा. हात मांडीवर. बोलवायचं न्हाई."

पांढऱ्या साडीच्या निऱ्या सावरत बाई अखेर बसल्या.

सुटलेला भुंगा तडक गेला तो धुनीच्या थंड राखेत. चारी पाय वर करून लोळला. बाई अर्ध्या उठल्या. बुवांनी एक बोट वर केलं. बाई बसल्या.

हात शिवशिवत होते. एकदा पदर नीट केला, एकदा पर्सची चेन उघडली, लावली. आत ओला रुमाल होता. भुंगा हुंगत हुंगत दोन हातांवर आला. त्याच्या गळ्याशी कुसळ अडकलं होतं. एवढं एक काढून टाकलं की... हात गेलाच.

भुंगा पार कुंपणापाशी पळाला.

"आता?"

"आता पुन्हा."

ऊन बाभळीच्या खाली उतरलं. पायाला मुंग्या आल्या. भुंगा येई, थबके, जाई. बाईंचा जीव वरखाली होत होता. फाट्यावर पाचच्या एसटीचा हॉर्न वाजला.

"बुवा, माझी गाडी... निदान पाणी तरी..."

"देतो की."

मग बाई दमल्या. रागावूनही दमल्या. हात मांडीवर उताणे पडले ते पडलेच.

भुंगा आला. त्यानं दोन्ही तळवे हुंगले. स्वतःभोवती दोनदा फिरला आणि राखेनं माखलेलं अंग त्या पांढऱ्या साडीवर, डाव्या हातावरच टाकून दिलं. हनुवटी त्यांच्या उजव्या हातात ठेवली.

कुसळ बरोबर अंगठ्याखाली आलं होतं. अंगठा हलला... थांबला. कुसळ तिथंच राहिलं.

भुंग्यानं मोठा सुस्कारा सोडला. खाजवणारा पाय दोन वेळा उगाच हलला आणि निवांत झाला. तो झोपला होता.

फाट्यावरची एसटी निघून गेली. बाईंनी तिकडे बघितलंही नाही. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

बुवा मठीत जाऊन आले. खडावा दाराशीच काढल्या. अनवाणी, पाऊल न वाजवता ते आले. पाण्यानं भरलेला तांब्या आणि साबणाची कोरी वडी बाईंच्या शेजारी ठेवली.

"पाणी आणलंय, बाई," ते हळूच म्हणाले. "धुता का हात?"