घटकाभराचा बाप

एका राज्यात मणिभद्र नावाचा राजा होता. राज्य कुठलं ते विचारू नका, तिकडची वाट केव्हाच मोडली. राणी बाळंतपणात गेली आणि मागं एवढीशी पोर राहिली. बारशाला राजाची धाकटी बहीण कालिंदी आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ही आत्या तर मंत्रतंत्रात पारंगत. राजा दरबारात गुंतलेला. घटकाभर थांब म्हणावं, असा त्याने निरोप धाडला. दिवस कलला, तरी बापाचा पत्ता नाही. तेव्हा आत्या भर दरबारात येऊन उभी राहिली.

"दादा, तू पोरीला जेवढा वेळ देशील, तेवढीच ती वाढेल."

एवढं बोलून ती निघून गेली. नाव राहिलंच. दाई पोरीला छबी म्हणू लागली, तेच पुढं रूढ झालं.

राजा काही वाईट बाप नव्हता, बरं का. दरबार सुटला की रोज छबीपाशी बसायचा. शेजारी पाण्यात घटिकापात्र सोडलेलं असे. तळाला भोक असलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली, की एक घटका झाली. घंटा वाजे आणि राजा उठे. एक दिवस म्हणून खाडा नाही. इतकं कुठला राजा करतो, असं तो स्वतःलाच ऐकवायचा. आहे की नाही गंमत!

सात वर्षं सरली. छबी पाळण्यातच. वैद्य झाले, गंडेदोरे झाले, पोर मान म्हणून धरेना. एके दिवशी मात्र ती बापाकडे बघून हसली. राजाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने नगरात साखर वाटली.

त्याच दुपारी खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. भारद्वाज दिसणं शुभ. हा तर बोलतही होता.

"राजा, दिवसाच्या घटका किती?"

"साठ."

"रोज एक दिलीस. दोन महिन्यांत पोरीच्या वाट्याला बाप किती आला?"

"एक दिवस," राजा म्हणाला.

"वर्षाला सहा. सात वर्षांचे बेचाळीस. बेचाळीस दिवसांचं मूल हसू लागतं, राजा. तुझी पोर वेळेवरच हसली."

राजाने बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. घटका दिसायला रोजची, पण दिवसांत मांडली तेव्हा त्याला धड दोन महिन्यांचं बापपणही भरेना. त्याने हात जोडून उपाय विचारला. भारद्वाजाने तीन कामं सांगितली: पोरीला स्वतः न्हाऊ घाल, स्वतः भरव, स्वतः निजव. दाईला सोडून ती तुझ्याकडे झेपावेल, त्या दिवशी शाप सुटेल.

राजाने घटिकापात्र आधी बाहेर नेऊन ठेवलं. न्हाऊ घालताना तोच जास्त भिजला. बोंडल्याने दूध पाजताना अर्धं दूध शेल्यावर. अंगाई तर येतच नव्हती, म्हणून भाट गातात ती स्वतःचीच बिरुदावली त्याने हळू आवाजात म्हटली. 'शत्रुकाळ, सिंहासनभूषण' ऐकत पोर गाढ झोपली. दरबार पाळण्याशेजारी भरू लागला. कुजबुजत भांडता येईना, म्हणून निम्मे तंटे आपोआप मिटले. छबीने मान धरली, पालथी पडली, बसू लागली.

मग नदीचा बांध फुटला. गावं बुडत होती, राजाला जाणं भाग होतं. त्याने छबीला दाईकडे दिलं, तशी तिने हंबरडा फोडला आणि दोन्ही हात पसरून ती बापाकडे झेपावली. राजाचं काळीज तुटलं. आपण परत येईतो पोरीची वाढ पुन्हा थांबणार, एवढंच त्याच्या मनात. भारद्वाजाचे शब्द कुठले आठवायला! तसाच गेला बिचारा, आणि चिखलात उभं राहून त्याने बांध घालून घेतला.

परतला तो धावत. दाई छबीला कडेवर घेऊन उंबऱ्यातच हसत उभी होती.

"महाराज, बोट घाला हिच्या तोंडात."

राजाने बोट घातलं. खालच्या हिरडीला काहीतरी टोचलं. त्याच्यामाघारी, त्याच्याशिवाय पोर वाढली होती. शाप सुटला होता. राजाला आनंदाने रडू फुटलं, आणि मग नुसतंच रडू.

"पहिला दात," तो म्हणाला, "आणि मी नव्हतो."

छबीने त्याचं बोट कचकन चावलं.