खुडूक कोंबडी

"ज्याला बापाचं नाव ठाऊक नाही, त्यालाही तुम्ही गाणी देणार?"

तेरसिंगनं विचारलं तेव्हा वेस्ताबाबा अंगणात दोरी वळत होते. सातपुड्यातल्या त्या पाड्यावर आजाऱ्याच्या उशाशी बसून देवाची जुनी गाणी म्हणणारे बडवे ते एकटेच उरले होते. आजपासून रेहमललाही शिकवणार, असं त्यांनी सकाळी सांगितलं होतं. रेहमल म्हणजे तान्हा असताना बाजारात सापडलेला, पाड्यानं वाढवलेला गडी.

तेरसिंगच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बडवे झाले. तो रांगत होता तेव्हाच वडील गेले, म्हणून त्याला दुसऱ्या कुळातल्या वेस्ताबाबांपुढे शिकायला बसावं लागलं, एवढंच. रेहमल येणार असेल तर आपण येणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं.

बाबांनी दोरी बाजूला ठेवली.

"चल, तुझा कोंबडा दाखव."

तेरसिंग खुलला. त्याच्या घरचे कडकनाथ साऱ्या डोंगरात नावाजलेले. त्यानं कोंबडा काखेत घेतला आणि चोच उघडून दाखवली. जीभ काळी. पिसांत फुंकर घातली, कातडी काळी. तुराही जांभळट काळा.

हाडंसुद्धा काळीच, तो म्हणाला. पणज्यानं दुष्काळात ही जोडी टोपलीत घालून घाट उतरवली होती. पुढं मर आली, पाडेच्या पाडे कोंबड्यांवाचून ओस पडले. हे तगले.

"दुसऱ्याचा एक थेंब नाही यांच्यात."

बाबा कितीतरी वेळ बघत राहिले.

"रात्र घडवून देवाकडे थोडी उरली असेल..."

मग त्यांनी विचारलं, अंडी कुणाखाली ठेवलीस?

तेरसिंग हसला. कडकनाथ कोंबडी कुठली अंडी उबवत खुडूक बसायला! अंडं घातलं की ती निघाली. अंडी ठिपकी या गावठी कोंबडीखाली होती, आज फुटायची होती.

"काढ ती. त्यांच्या आईखाली ठेव."

तेरसिंग घुटमळला. पण गुरूचा शब्द. ठिपकीनं टोचून टोचून त्याचा हात रक्ताळला. त्यानं अंडी काढली, दुसऱ्या पाटीत ठेवली आणि कडकनाथ काळीला वर बसवलं.

काळी उठली. अंग झटकून उकिरड्याकडे चालती झाली.

त्यानं तिला धरून आणलं. ती पुन्हा गेली.

अंडी निवू लागली. एक त्याच्या तळहातावर हललं. त्यानं ते कानाशी नेलं. आत कुणीतरी चिवचिवत होतं...

त्यानं बाबांकडे पाहिलं.

तेरसिंगनं पाटी उचलली आणि धावतच ठिपकीपाशी नेली. आता ती टोचेना. पंख पसरून तिनं एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढलं.

दोघं तिथंच बसून राहिले.

उन्हं कलताना कवच तडकलं. इवलीशी काळी चोच बाहेर आली. मग ओलं, काळंभोर पिल्लू धडपडत ठिपकीच्या पिसांत शिरलं आणि दिसेनासं झालं.

तेरसिंगनं वाकून पिसांखाली पाहिलं.

"बाबा... हे आपलं नाही, हे कळत नसेल तिला?"

"कळतं की," वेस्ताबाबा म्हणाले. "म्हणून तर उठत नाही."