कोल्हिणीच्या दारी सायाळ

करवंदाच्या जाळ्यांनी भरलेल्या एका टेकडीखाली कोल्हा, कोल्हीण आणि त्यांची तीन पिल्ले राहत असत. कोल्ह्याचा पाय दरडीखाली सापडून अधू झाला होता. शिकारीला जाता येईना, म्हणून तो दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसून चिडचिड करी. कोल्हीण एकटी राबे आणि दमून आली की त्याच्यावर खेकसे. दोघांचे भांडण जुंपले की पिल्ले बाहेर पळत, आणि बाहेर काय करत म्हणाल, मुलांनो? सशाच्या पोरांचे कान ओढत, पाणवठ्यात धूळ लोटत, आणि एकदा तर त्यांनी टिटवीची अंडी चेंडूसारखी उतारावरून गडगडत सोडली. तिन्ही अंडी फुटली.

तक्रार वाघाच्या दरबारी गेली. वाघोबा गरजला, "पावसाळ्याच्या आत ही कार्टी सुधारली नाहीत, तर त्यांना नदीपलीकडे हाकलून देईन!" नदीपलीकडे रानकुत्र्यांचे राज्य होते. तिथे गेलेले पिल्लू परत येत नसे. तोवर लक्ष ठेवायला कावळ्यांना सरकारी कामावर नेमले. कावळेच ते! बिळावरच्या झाडावर बसून पहाटेपासून सुरू, "कोल्ह्याची पोरं उठली! कोल्ह्याची पोरं निघाली! चोर आले हो, चोर!" साऱ्या रानाने दारे लावून घेतली. कोल्हिणीने लाजेने बिळाच्या तोंडाशी काटे ओढले. पिल्ले म्हणाली, "नाव पडलंच आहे, तर करूनच दाखवू." आणि त्यांनी दुप्पट उच्छाद मांडला.

शेवटी टिटवीच दरबारात उभी राहिली. "महाराज, अंडी माझी फुटली, म्हणून बोलायचा हक्कही माझा," ती म्हणाली. "माझं घरटं त्यांच्या बिळासमोरच आहे. ज्या दिवशी त्या घरात भांडण नसतं, त्या दिवशी ती पोरं माझ्याकडे फिरकतही नाहीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय आपलं." वाघ विचारात पडला. राजाला आपली चूक दिसणे सोपे नसते, पण याला दिसली, हे त्याचे मोठेपण. त्याने म्हाताऱ्या सायाळीला बोलावले. अंगभर काटे असलेली ही बाई बीळ खोदण्यात तरबेज होती. "जाते," ती म्हणाली, "पण आधी त्या कावळ्यांना झाडावरून उठवा."

वाघाने कावळ्यांना उठवले. सायाळ दारी आलेली पाहताच कोल्हिणीने दात विचकले. "माझी पोरं न्यायला आलीस ना? जीव गेला तरी देणार नाही!"

"अगं, या काट्यांनी मी पोर कडेवर घेऊ तरी कशी?" सायाळ हसून म्हणाली. "तुझं बीळ एका बाजूनं ढासळलंय. पावसात आत पाणी येईल. सरक, माती काढू दे."

कोल्हीण सरकली. दोघींनी मिळून बीळ उकरले, कोरडे केले. काम करता करता कोल्हिणीला रडू आले, कारण कित्येक दिवसांत तिला कुणी हात दिला नव्हता. मग सायाळ कोल्ह्याकडे वळली. "पाय लंगडा झाला, जीभ तर धड आहे ना? मग ती बायकोवर कशाला चालवता? ओढ्यावर बसा आणि पोरांना खेकडे धरायला शिकवा."

कोल्हा कुरकुरत गेला. पहिल्या दिवशी एका पिल्लाच्या नाकाला खेकडा चावला आणि बाप कितीतरी दिवसांनी खदखदून हसला. हळूहळू पिल्ले खेकडे धरू लागली. कोल्हीण दमून घरी आली की समोर जेवण तयार! भांडणे पार मिटली असे मी म्हणणार नाही, नवराबायकोच ती. पण पिल्लांना पळून जावे लागेल इतकी राहिली नाहीत. एकदा धाकट्याने पुन्हा सशाच्या पोराचे कान ओढले, तेव्हा बापानेच लंगडत लंगडत त्याला सशाकडे नेले आणि माफी मागायला लावली.

आकाशात ढग जमू लागले, तसा वाघोबा निकाल द्यायला स्वतः टेकडीखाली आला. "कुठे आहेत ती पोरं?" असे गरजायला त्याने तोंड उघडले, तोच कोल्हीण बिळातून बाहेर आली. पूर्वी ती त्याला पाहून थरथर कापली असती. आज मात्र तिने पंजा तोंडाशी नेला.

"हळू बोला, महाराज," ती म्हणाली. "पोरं बापाच्या कुशीत आत्ताच झोपलीत."

साऱ्या रानाला कापरे भरवणारा तो वाघ कुजबुजला, "बरं, बरं." आणि पाय न वाजवता मागे फिरला.

तात्पर्य : पोर वाकडे जाताना दिसले, तर राजाने त्याच्यावर पहारा बसवण्याआधी त्याच्या आईबापांना हात द्यावा, घर सावरले की पोरही सावरते.