बोराटीचा रहिवासी दाखला

कुसळमाळावरच्या सरकारी हिरवळीचं अखेर वाळून काड झालं, आणि बोराटी तेवढी जगली.

पण असं काही झालेलंच नाही. हिरवळ वाळली असं म्हणणं हा कुसळमाळात गुन्हा आहे. तेव्हा वाचकांनी वरचं वाक्य वाचलं नसल्याचं समजावं आणि चेहरा शक्य तितका सरळ ठेवून पुढे यावं.

तर, एक होता माळ. तिथे पाऊस वर्षातून दोनदा यायचा. एकदा येऊन जायचा आणि एकदा विसरलेली छत्री न्यायला यायचा. त्यामुळे पाहुणचाराची अपेक्षा नसलेली झाडंच तेवढी तिथे टिकली होती: हिवर, बाभूळ, तरवड आणि बोराटी. बोराटी म्हणजे रानबोरीची काटेरी जाळी. दिसायला भांडखोर, पण स्वभावाने घरंदाज. अशाच एका बोराटीत भागाबाई नावाची तित्तीर आपली नऊ पिल्लं घेऊन राहायची. वरून ससाणा घिरट्या घालायचा, खालून मुंगूस नाक खुपसायचं, पण आत कुणाचाच शिरकाव होत नसे. भागाबाईच्या आईने, आज्जीने, पणजीने तिथेच संसार केला. बोराटीला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, आणि तिनेही कधी विषय काढला नव्हता.

राज्य लोकशाहीचं होतं. म्हणजे राजा लोकांनीच निवडायचा आणि मग लोकांनी घरी जायचं. राजा होता पट्टेराव. हा जातीने तरस, पण निवडणुकीत त्याने अर्ज भरला तो वाघ म्हणून. विरोधकांनी हरकत घेतल्यावर निवडणूक अधिकाऱ्याने त्याच्या अंगावरचे पट्टे मोजले. ते पुरेसे निघाले.

निवडून आल्या आल्या पट्टेराव परमुलखात अभ्यासदौऱ्यावर गेला. तिथे बारा महिने पाऊस पडायचा. तीन आठवडे कसून अभ्यास केल्यावर त्याने निष्कर्ष काढला की तिथे हिरवं असतं. येताना तो हिरवळीच्या गुंडाळ्या आणि चाळीस पामची झाडं घेऊन आला. ती राजवाड्यासमोर लागली. हिरवळ सकाळी तळं प्यायची, पाम संध्याकाळी प्यायचे, आणि मधल्या वेळात प्रजेला तळ्याकडे बघायची मुभा होती.

तिसऱ्या वर्षी तळ्याचा तळ दिसला. तेव्हा तळ्याकाठी एका पायावर उभा असलेला बगळा म्हणाला, "महाराज, इथल्या हवेला इथलंच झाड लावा. कमी पाण्यावर तगतं ते. सल्ला फुकट देतोय, कारण तळ्यात मासा उरलेला नाही."

पट्टेरावाला हे इतकं पटलं की त्याने दुसऱ्याच दिवशी सभा घेतली.

"माझ्या बंधूंनो, भगिनींनो आणि अंड्यांनो!" तो गरजला. अंडी पुढच्या निवडणुकीत मतदार होणार होती. "किती दिवस आपण परक्या झाडांचे लाड करायचे? आपली माती!"

"आपलं झाड!" प्रजा ओरडली.

"कुसळमाळ कुणाचा?"

"कुसळमाळाच्या झाडांचा!"

भागाबाईने पंख दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ती बोराटीला म्हणाली, "ऐकलंस का गं बाई? आता तुझं दिस आलं. उद्यापासनं तुला कुणी झुडूप म्हनायचं न्हाई."

आता इथल्यांना ठेवायचं आणि परक्यांना उपटायचं, तर आधी इथलं कोण हे ठरवायला हवं. त्यासाठी समिती बसली. उठली तेव्हा तिच्याकडे एक नियम होता. नियम सरळ होता. जे झाड इथलं, ते इथलं पाणी प्यायलेलं असणारच. सबब, गेली पंधरा वर्षं, किंवा लावल्या दिवसापासून, सरकारी पाणी घेतल्याची नोंद ज्याच्याकडे असेल ते झाड स्थानिक. ज्याच्याकडे नसेल ते घुसखोर. घुसखोर झाडं चैत्रअखेर तोडण्यात येतील.

समितीत एकही झाड नव्हतं. हितसंबंध आड येऊ नयेत म्हणून.

भागाबाई दाखला आणायला कचेरीत गेली. तिथे घोरपड भाऊसाहेब बसले होते. घोरपडीने कडा धरला की सुटत नाही असं जुने लोक सांगतात. या भाऊसाहेबांनी खुर्ची धरली होती.

"बोला."

"भाऊसाहेब, आमच्या बोराटीचा रहिवासी दाखला पायजे हुता."

"पाण्याची नोंद आणलीत?"

"ती पाणी पीत न्हाई."

"म्हणजे उपोषण?"

"न्हाई ओ. तिला वरनं घालावं लागत न्हाई. मुळं खोल हायती. खालनं कुठनंतरी आणती तिचं ती."

भाऊसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि आवाजही खाली आणला. "खालून? विनापरवाना? बाई, हे मी ऐकलं नाही असं समजतो. आधीच घुसखोरी, त्यात पाणीचोरीचं कलम कशाला लावून घेता?"

"पण ती हितलीच हाय की! माझी पणजी तिच्यात जन्मली."

"इथली असती तर इथलं पाणी प्यायली नसती का?"

"हितं पाणीच न्हाई. म्हनून तर ती हितली."

भाऊसाहेबांनी लेखणी पुन्हा उचलली. माणूस, म्हणजे घोरपड, हुशार होती. "हे लेखी देऊ शकाल?"

"देते की."

"देऊ नका."

भागाबाईने साक्षीदार म्हणून होला पक्ष्याला आणलं होतं. भाऊसाहेबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "होल्याची साक्ष चालत नाही. तो प्रत्येकासाठी एकच वाक्य घुमतो. मागे दोन्ही पक्षांनी त्यालाच आणला होता."

"मग म्या करू तरी काय?"

"आजपासून पाणी घाला, नोंद ठेवा आणि पंधरा वर्षांनी या. जेवणाच्या सुट्टीत येऊ नका."

"तुमी चैत्रात तोडनार म्हनताय!"

"मग जरा लवकर घाला."

"भाऊसाहेब, माझी नऊ लेकरं हायती तिच्या पोटात. वर ससाणा फिरतोय."

भाऊसाहेबांनी कागद चाळले. "ससाण्याचे कागद व्यवस्थित आहेत," ते म्हणाले. "मी स्वतः तपासलेत."

पाडव्याच्या मुहूर्तावर दाखलेवाटप झालं. हिरवळीची पाण्याची नोंद इतकी जाड होती की ती उचलायला दोन रेडे लागले. तिला 'भूमिकन्या' किताब मिळाला. चाळीस पामना 'आद्य रहिवासी' म्हणून मानपत्रं देण्यात आली. ती वाचून दाखवली पोपटाने. अर्थ विचारल्यावर त्याने ती पुन्हा वाचून दाखवली. पट्टेराव गदगदून म्हणाला, "या हिरवळीने या मातीसाठी अख्खं तळं प्यायलं! कुठे ही निष्ठा, आणि कुठे ती बाभूळ, जिने आजवर सरकारकडे एक थेंब मागितला नाही! जो मागत नाही, तो आपल्याला आपलं मानतो का?"

"नाही!" प्रजा ओरडली. भागाबाईच्या शेजारी बसलेली सशीणसुद्धा ओरडली. तिचं घर तरवडाखाली होतं.

"अगं, तुझाबी तरवड जाणार हाय," भागाबाई म्हणाली.

"व्हय का? मला वाटलं, दुसऱ्यांचा."

तोडणीला रानडुकरांचं पथक आलं. बोराटीची पानं उन्हाळ्यात गळतात, तशी ती गळली होती. पथकप्रमुखाने 'निवासी बेपत्ता, इमारत धोकादायक' असा शेरा मारला आणि पथकाला कामाला लावलं. दुपारपर्यंत जाळीचे फक्त खुंट उरले. भागाबाईने पिल्लांना पंखांखाली घ्यायला सुरुवात केली. पण एका तित्तिराच्या पंखांखाली नऊ पिल्लं मावत नाहीत. ते काम आजवर बोराटी करत होती.

ससाणा एकदाच खाली आला. नऊची आठ झाली.

सरकारने घटनेची तातडीने दखल घेतली. 'महाराज पिलाच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहेत,' असं निवेदन निघालं. पिलाच्या पाठीशी त्या वेळी प्रत्यक्षात कोण होतं, हे भागाबाईने पाहिलं होतं. पण तिला कुणी विचारलं नाही.

ती आठ पिल्लं घेऊन तोडलेल्या काट्यांच्या ढिगात राहू लागली. वैशाख आला. तळं संपलं. चिखल संपला. बगळ्याने दुसरा पाय टेकला आणि तो निघून गेला. मग हिरवळीला ते झालं, जे झालेलं नाही. 'पिवळा हा हिरव्याचाच उन्हाळी पोशाख आहे,' असं परिपत्रक आलं. पामच्या झावळ्या एकेक करून गळाल्या, तेव्हा त्यांनी त्याग केल्याचं जाहीर झालं. माळावर सावली म्हणून उरली ती फक्त पट्टेरावाच्या फलकांची, आणि प्रजा त्याखाली बसायला लागल्यावर सभांना गर्दी वाढल्याची बातमी आली.

ज्येष्ठात, पावसाचा पत्ता नसताना, एका सकाळी सगळ्यात धाकटं पिल्लू ओरडत आलं. "आये! खुंटाला हिरवं आलंय!"

भागाबाईने जाऊन पाहिलं. बोराटीच्या खुंटातून बोटबोट फुटवे आले होते. तोडणारे वरवर तोडून गेले होते. खाली किती आहे ते समितीने विचारात घेतलंच नव्हतं. कोवळ्या फुटव्यांवर काटेसुद्धा आले होते, लहान पण कामाचे.

भागाबाईचे डोळे भरले. पण पहिलं काम तिने केलं ते पिलाच्या चोचीवर पंख ठेवण्याचं. "गप. कुनाला सांगू नगंस. सरकारला कळंल."

पंधरा दिवस कुणाला कळलं नाही. बोराटी गुडघाभर झाली. आठही पिल्लं आत मावू लागली. ससाणा वरून दोन चकरा मारून परत गेला.

सोळाव्या दिवशी ढोल ऐकू आले.

झालं होतं असं, की 'हरित कुसळमाळ' योजनेचं वर्ष भरत आलं होतं आणि दाखवायला हिरवं काही नव्हतं. घारीकडून आकाशपाहणी करवली, तेव्हा साऱ्या माळावर एकच हिरवा ठिपका सापडला. पट्टेराव लवाजम्यासह तिथे दाखल झाला. मागे पोपट होता, रेडे होते, आणि खुर्चीसकट घोरपड भाऊसाहेब होते.

"हीच!" पट्टेराव म्हणाला. "हीच आपण लावलेली!"

"तुमी तोडलेली," भागाबाई म्हणाली.

"बघा, लाभार्थी किती भारावलीय," पट्टेराव म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात तो वाघ अजिबात वाटला नाही, पण टाळ्यांत ते दबून गेलं.

जागच्या जागी भाऊसाहेबांनी पंधरा वर्षांची पाण्याची नोंद मागील तारखेने तयार केली. दाखला मिळाला. बोराटी आता अधिकृत स्थानिक झाली, म्हणजे तिला सगळे हक्क लागू झाले. रोज दोन टँकर पाणी, कारण नोंदीत खंड पडता कामा नये. टँकर शेजारच्या राज्यातून येणार होते. बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा. फांद्या छाटून राजाच्या चेहऱ्याचा आकार, पट्ट्यांसह. अभ्यागतांना टोचू नये म्हणून काटे काढण्याची निविदा. आणि आत पिल्लं आहेत असं कळल्यावर ती लोकांना नीट दिसावीत म्हणून चारी बाजूंनी खिडक्या.

पहिला टँकर आला त्या दिवशी भागाबाईने पिल्लांना खांद्याएवढ्या चिखलातून बाहेर काढलं. बोराटीची खालची पानं पिवळी पडायला लागली होती. वर, बऱ्याच उंचीवर, ससाणा संथपणे गोल फिरत होता. त्याला घाई नव्हती. ओल्या पंखांनी ती कचेरीत गेली आणि जन्मात पहिल्यांदा तिने अर्ज लिहवून घेतला. तो अर्ज असा:

'प्रति, मेहेरबान घोरपड भाऊसाहेब यांस. अर्जदार: भागाबाई तित्तीर, अपत्ये आठ (पूर्वी नऊ). विषय: आमच्या बोराटीचा दाखला रद्द होणेबाबत. महोदय, वरील विषयी सविनय सादर, की सदर बोराटी आपल्या कृपेने मरणपंथास लागली आहे. ती यापूर्वी कोणत्याही योजनेविना जगत होती याचे पुरावे नाहीत, कारण तेव्हा आपण आला नव्हता. तरी तिला पुनश्च घुसखोर ठरवून सर्व लाभांतून वगळावे, टँकर मागे घ्यावा, आणि निवडणुका असोत वा नसोत, शासनाने यापुढे आमच्याकडे कायमस्वरूपी दुर्लक्ष करावे, ही नम्र विनंती.'