हिवाईच्या वाकळीतला वाकडा टाका

हा समोर खळ्याएवढा काळा धोंडा दिसतो ना, ती हिवाई. हसू नका, तिला ऐकू येतं. दर पौषात तिच्यावर गावाची वाकळ घालतात. वाकळ शिवताना कुणाला सुई टोचली, तर भोवतीच्या बाया हळहळत नाहीत, एका सुरात ओरडतात, "बरं झालं!" पाहुण्यांना वाटतं, काय दुष्ट बाया आहेत. आहेतच, पण कारण वेगळं आहे.

फार मागे म्हणे अशी थंडी पडली, की रांजणातलं पाणी फोडून प्यावं लागे. पोरं आजारली. ठकू नावाच्या सुनेची थोरली लेक तिच्या मांडीवरच गेली. तेव्हापासून ठकू बधिर झाली. रडली नाही, बोलली नाही. चुलीतला निखारा हातावर पडला, तरी हात झटकला नाही. पाळण्यात तान्हा मुलगा होता, त्याला मांडीवर घेईना. सासू भिवरा शेळीच्या दुधात चिंधी बुडवून त्याच्या ओठांना लावी, पण पोर वाळतच चाललं.

गावानं नवस बोलला, हिवाईला पांघरूण घालू, तू आमच्या पोरांना ऊब दे. घरोघरची लुगडी, धोतरं आली. पाटलानंही पागोटं दिलं. फाटकं होतं, म्हणून दिलं. सगळे थर माळावर पसरून लांब टाक्यांनी टाचले. पण आता शिवायचं कसं? मध्यावर हात पोचेना. एकीनं इकडून ओढलं, की दुसरी तिकडं पालथी. भांडणं अशी जुंपली, की बाया थंडी विसरल्या.

ठकू उठली. एक कड तिनं मांडीवर ओढली.

"मांडीवर मावंल तेवढंच," ती म्हणाली. लेक गेल्यावरचे हे तिचे पहिले शब्द.

बाकीची वाकळ बायांनी गुंडाळून धरली. एक मांडी शिवून झाली, की ती पुढं सरकवायची आणि गुंडाळी सोडून नवी ओढायची. ठकूचा टाका सरळ, चेहरा हिवाईसारखा. सुई बोटात शिरे, रक्त कापडावर उतरे, तिला पत्ता नसे. बघणाऱ्या बायाच शहारत.

शेवटची मांडी उरली, तेव्हा भिवरेनं काय करावं? म्हातारी महाबिलंदर! तिनं तान्ह्याला उरलेल्या गुंडाळीखाली सरकवून ठेवलं. ठकूनं कड ओढली, तसं म्हातारीनं पोरही अलगद तिच्या मांडीवर ढकललं. ठकूनं सुई खुपसली आणि कापड खालून हललं. तिनं झटक्यात सुई वळवली, टाका वाकडा गेला आणि सुई थेट स्वतःच्या अंगठ्यात.

"आई गं!"



"लागलं का गं?" भिवरेनं विचारलं.

"लागलं, आत्याबाई," ठकू म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं रडू तिला एकदम फुटलं.

"बरं झालं!" म्हणत म्हातारीनं पोराला तिच्या पदराखाली सारलं. ते चुटुचुटू पिऊ लागलं, असं सांगतात.

आजही वाकळ मांडीमांडीनंच शिवतात. शेवटच्या मांडीवर गावातलं सगळ्यात लहान पोर निजवतात, आणि तिथं एक टाका मुद्दाम वाकडा घालतात. तो उसवून सरळ करायला जाणाऱ्याला सुई टोचल्याशिवाय राहत नाही म्हणे. हौस असेल तर बघा करून. "बरं झालं" म्हणायला गाव उभंच आहे.